सरासरी गटाची, निर्णय बाईचा

स्त्री-पुरुषांच्या शरीरात फरक असतो, हे नाकारण्याची स्त्रीवादाला गरजच नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतीत अव्वल पुरुष अव्वल स्त्रियांपेक्षा साधारण 10 टक्के वेगवान असतात. हृदयाचा आकार, हिमोग्लोबिन आणि स्नायूंचं प्रमाण ही त्याची कारणं. पण फरकातून मनाई कशी निघते? 1928च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या लीना राड्केने 800 मीटर शर्यत 2 मिनिटं 16.8 सेकंदांत जिंकली. शर्यतीनंतर काही जणी थकून आडव्या झाल्या, वर्तमानपत्रांनी गहजब केला आणि स्त्रियांची ही शर्यत थेट 1960पर्यंत बंद राहिली. थकून पुरुषही कोसळतात; त्यांच्या शर्यती मात्र कुणी बंद केल्या नाहीत.

फरक मान्य केला की समतेचा दावाच ढासळतो, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. स्त्रियांच्या वेगळ्या शर्यती हा फरक मानूनच भरतात, आणि त्यामुळेच त्यांना संधी मिळते. सरासरी गटाची असते. धावायचं की नाही, हे एकेका बाईने ठरवायचं असतं. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना मॅरेथॉन मिळाली ती 1984 साली. अमेरिकेच्या जोन बेनॉइटने ती 2 तास 24 मिनिटं 52 सेकंदांत जिंकली. 1948च्या पुरुष विजेत्यापेक्षा ही वेळ जवळपास 10 मिनिटांनी कमी होती.