कापसाने शिकविलेला कारभार

व्यवसाय प्रशासनाच्या पदवीवर्गात ‘सार्वजनिक क्षेत्राचे व्यवस्थापन’ शिकणाऱ्या बुलढाण्याच्या विद्यार्थ्याला उदाहरणासाठी दूर जावयाचे कारण नाही. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यापासून आजच्या तेरा तालुक्यांतील शाळा, दवाखाने आणि पाणीपुरवठा यांचा जमाखर्च त्याच्या दाराशीच मांडला जात आहे.

त्यातही कापसाचे उदाहरण मोठे बोलके. १९७१ चा कायदा होऊन १९७२ पासून राज्यात एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा खामगाव-मलकापूरकडील कास्तकाराचे एकमेव कायदेशीर गिऱ्हाईक सरकार झाले, आणि संकलन केंद्रावरील वजन, प्रतवारी व चुकाऱ्यापासून थेट गाठींच्या विक्रीपर्यंतचा सारा व्यवहार सहकारी पणन महासंघाच्या हाती आला. हमीभाव बाजारभावाहून चढा असला की तोटा खजिन्यावर पडे. उतरता असला की कापूस चोरवाटेने शेजारच्या प्रांतात जाई. खाजगी पेढीने अशा व्यवहारातून केव्हाच अंग काढून घेतले असते. शासनाला मात्र तो केवळ ताळेबंदाच्या आकड्यावरून तोलता येत नाही, कारण दुसऱ्या पारड्यात हजारो घरांच्या वर्षभराच्या निर्वाहाची शाश्वती असते, आणि तिची नोंद कोणत्याही खतावणीत सापडत नाही. माझ्या मते हाच या विषयाचा गाभा होय.

विद्यार्थ्यांनी एकदा तरी पंचायत समितीच्या कचेरीत जाऊन अंदाजपत्रक मागून वाचावे. ते पाहण्याचा हक्क २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने प्रत्येक नागरिकास दिला आहे.