विश्लेषण : जुना फ्यूज बॉक्स बसवला, तरी गाडी सुरू का होत नाही?

पावसाळ्यात गाडीत पाणी शिरते, कधी उंदीर वायरी कुरतडतात आणि फ्यूज बॉक्स निकामी होतो. नवा महाग पडतो, शिवाय मागवायला वेळ लागतो. मग भंगारातील त्याच मॉडेलच्या गाडीचा फ्यूज बॉक्स आणून बसवला जातो. सगळे सॉकेट नीट बसतात, पण चावी फिरवली तरी इंजिन सुरू होत नाही. सुरू झालेच, तर सेंट्रल लॉक चालत नाही किंवा डॅशबोर्डवर भलतेच दिवे लागतात. ‘पार्टच खराब दिला’ म्हणून दुकानदाराशी भांडण होते. पार्ट मात्र अनेकदा चांगलाच असतो. अडचण असते ती त्याच्या स्मृतीत राहिलेल्या जुन्या गाडीच्या सेटिंगची.

फ्यूज बॉक्स म्हणजे नुसता फ्यूजचा डबा नाही का?

जुन्या गाड्यांत तो तेवढाच होता. फ्यूज, रिले आणि तांब्याच्या पट्ट्या, बस्स. असा बॉक्स बदलला की काम संपते. इंजिनजवळचा फ्यूज बॉक्स आजही अनेक गाड्यांत याच प्रकारचा असतो. डॅशबोर्डखालच्या बॉक्सची गोष्ट वेगळी. अनेक आधुनिक गाड्यांत त्याच बॉक्सच्या आत ‘बॉडी कंट्रोल मॉड्यूल’, म्हणजे दिवे, वायपर, हॉर्न, काचा, लॉक यांचा कारभार पाहणारा छोटा संगणक असतो. प्यूजो आणि सिट्रोएनच्या अनेक मॉडेलमध्ये त्याला ‘बीएसआय’ म्हणतात. हे मॉड्यूल इंजिनचा संगणक, मीटर, एबीएस यांच्याशी ‘कॅन’ या संदेश यंत्रणेतून सतत बोलत असते. बॉश कंपनीने ही यंत्रणा १९८६ मध्ये जगासमोर मांडली.

त्याच्या स्मृतीत काय असते?

मुख्यतः तीन गोष्टी. पहिली, गाडीची ओळख, म्हणजे १७ अक्षर-अंकांचा चासी क्रमांक. दुसरी, गाडीची रचना. इंजिन पेट्रोल की डिझेल, गिअर हाताचे की ऑटोमॅटिक, फॉग लॅम्प आहेत का, पाऊस ओळखणारा सेन्सर आहे का, अशा बाबी तीत येतात. तिसरी, चोरीपासूनचे संरक्षण. चावीतील चिपचा संकेत ओळखणारी इमोबिलायझर यंत्रणा काही गाड्यांत याच मॉड्यूलमध्ये असते, काहींत मीटरमध्ये किंवा इंजिनच्या संगणकात. दुसऱ्या गाडीचा बॉक्स आला की तो आपल्या जुन्या चाव्या शोधतो. तुमची चावी त्याला परकी वाटते आणि तो इंजिनला परवानगी देत नाही. ही बिघाडाची नव्हे, चोरी रोखण्याचीच सोय आहे.

फोर्डच्या गाड्यांचे उदाहरण काय सांगते?

फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. इकोस्पोर्ट, फिगोसारख्या गाड्या मात्र रस्त्यावर आहेत आणि जुन्या पार्टकडे वळणारे मालकही आहेत. इकोस्पोर्टमध्ये डॅशबोर्डच्या डाव्या कप्प्यामागील फ्यूज पॅनेल आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूल एकत्र आहे. फोर्डच्या गाड्यांत प्रत्येक मॉड्यूलची कारखान्यातील रचना सांकेतिक आकड्यांच्या ओळींत साठवलेली असते. तिला ‘अ‍ॅज-बिल्ट’ माहिती म्हणतात. योग्य अ‍ॅडाप्टर आणि ‘फोरस्कॅन’सारख्या सॉफ्टवेअरने ती वाचता, जपून ठेवता आणि पुन्हा लिहिता येते. जुना बॉक्स जिवंत असतानाच ही माहिती काढून ठेवली, तर निम्मे काम तिथेच होते.

बॉक्स काढण्यापूर्वी काय करावे?

पहिले काम पाना हातात घेण्याचे नाही, स्कॅनर लावण्याचे आहे. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावून जुन्या मॉड्यूलची रचना आणि सर्व फॉल्ट कोड जतन करावेत. त्यानंतर पार्ट नंबर जुळवावा. शेवटच्या अक्षरासकट. बाहेरून सारखा दिसणारा बॉक्स आतून वेगळा असू शकतो. कमी सुविधांच्या मॉडेलच्या बॉक्समध्ये फॉग लॅम्पचे सर्किटच नसेल, तर सेटिंग बदलून ते तयार होत नाही. वरच्या मॉडेलचा बॉक्स मात्र पुष्कळदा चालतो. फक्त तुमच्या गाडीत नसलेल्या सुविधा सेटिंगमध्ये बंद कराव्या लागतात. नाहीतर तो नसलेला सेन्सर शोधत राहतो आणि डॅशबोर्डवर इशारा देतो.

बॉक्स काढताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवावी आणि एअरबॅगच्या यंत्रणेतील चार्ज उतरण्यासाठी काही मिनिटे थांबावे. फ्यूज आणि रिले आपल्या गाडीच्या आकृतीप्रमाणेच लावावेत. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० अँपिअरचा असतो. आलेल्या बॉक्समधले फ्यूज तसेच ठेवणे म्हणजे वायर जळण्याला आमंत्रण.

बसवल्यानंतर सेटिंग कशा क्रमाने बदलतात?

आधी बॅटरीला स्थिर वीज देणारा चार्जर जोडला जातो. लिहिण्याचे काम अर्धवट असताना व्होल्टेज पडले, तर मॉड्यूल कायमचे निकामी होऊ शकते. त्यानंतर साधारण क्रम असा असतो : चासी क्रमांक लिहिणे, जतन केलेली रचना भरणे, चाव्या नोंदवणे, फॉल्ट कोड पुसून पुन्हा तपासणे. चाव्या नोंदवताना घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्याव्यात. अनेक गाड्यांत त्या वेळी हजर नसलेल्या चाव्या यादीतून गळतात, तर फोर्डच्या अनेक मॉडेलमध्ये किमान दोन चाव्या नोंदवल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. शेवटी काचांची एका दाबात वरखाली होण्याची सोय पुन्हा शिकवावी लागते.

जुना बॉक्स वाचतच नसेल, तर अनुभवी इलेक्ट्रिशियन त्यातील मेमरी चिप थेट वाचून तिची नक्कल दुसऱ्या बॉक्सवर उतरवतात. चिपच गेली असेल, तर चासी क्रमांकावरून कंपनीच्या यंत्रणेतील मूळ रचना मागवावी लागते. ते काम अधिकृत सर्व्हिस सेंटरचे.

किलोमीटरच्या आकड्यात फरक का पडतो?

काही गाड्यांत धावलेले अंतर मीटरसोबत दुसऱ्या मॉड्यूलमध्येही नोंदलेले असते. दोन आकडे जुळले नाहीत, तर मीटर इशारा देतो किंवा मोठा आकडा स्वीकारतो. त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वी मीटरचा फोटो काढावा आणि बिलावर किलोमीटर लिहून घ्यावेत. आकडा खऱ्यावर आणणे ही दुरुस्ती. त्याहून खाली नेणे ही पुढच्या ग्राहकाची फसवणूक.

खरेदी करताना काय पाहावे?

पुरात बुडालेल्या गाडीचा बॉक्स घेऊ नये. पिनांवर हिरवट-पांढरा गंज दिसला, तर तो काही महिन्यांत पुन्हा त्रास देणार हे समजावे. ज्या गाडीचा पार्ट आहे तिचा चासी क्रमांक असलेले बिल मागावे. असे बिल नसेल, तर तो चोरीच्या गाडीचा असण्याची शंका उरते. आणि व्यवहाराआधी गॅरेजला एकच प्रश्न विचारावा : ‘कोडिंग तुम्हीच करून देणार का?’ उत्तर ‘नंतर बघू’ असेल, तर बॉक्सची किंमत कितीही कमी असली तरी तो स्वस्त पडणार नाही. पाणी नुकतेच शिरले असेल, तर बदलण्याआधी जुन्या बॉक्सचा सर्किट बोर्ड दुरुस्त होतो का, हेही तपासावे. तो वाचला, तर चाव्या आणि सेटिंग जशाच्या तशा राहतात.

काम झाल्यावर गाडी लगेच घरी नेऊ नये. ब्रेक लाइट, इंडिकेटर, हेडलाइट, वायपर, हॉर्न, लॉक आणि एअरबॅगचा दिवा गॅरेजमध्येच एकेक करून पाहावा. ब्रेक लाइट लागत नाही, हे मागून येणाऱ्या ट्रकला आधी कळून उपयोग नाही.