पहिला पाऊस अन् बेडकांची धांदल

नांदगाव तालुक्यात पाण्याची तंगी नेहमीचीच. पण मृगाचा एखादा दणका बसू द्या, शाकंबरी नदीच्या काठाला डबकी साचू द्या, की रात्रभर डराव-डराव! कालपर्यंत ही मंडळी होती कुठे?

तळघरात मुक्काम. खणकर बेडूक मागे सरकत सरकत मातीत शिरतो. मागच्या तळपायांवरच्या टणक कंगोऱ्यांनी तो माती उकरतो आणि कोरडे महिने खालीच काढतो. अशाच एका जातीला २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी ‘स्फेरोथिका पश्चिमा’ हे नाव दिलं.

हळद लागली! विणीच्या दिवसांत बुलफ्रॉगचा नर पिवळाधमक होतो, गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगवतो. युरोपातले न्यूट, म्हणजे बेडकांचे शेपटीवाले भाऊबंद, तेही असेच नटतात. काही जातींत नराच्या पाठीवर तुरा उगवतो आणि हंगाम सरला की उतरतो. न्यूट बघायचाच तर आपल्याकडून थेट दार्जिलिंग-सिक्कीम गाठावं लागेल.

घोट न घेता पाणी. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. ओल्या मातीवर पोट टेकून बसलं तरी तहान भागते.

डोळ्यांनी गिळणं. घास गिळताना डोळे आत दाबले जातात आणि भक्ष्य घशाकडे ढकलतात. म्हणून जेवताना स्वारी डोळे मिटते.

भाऊबंदकी. डबकं आटायच्या आत पाय फुटायलाच हवेत. त्या घाईत बुलफ्रॉगची पिल्लं इतर बेडकांची पिल्लं खातात, वेळप्रसंगी स्वतःची भावंडंसुद्धा.

फेसातलं बाळंतपण. झाडावरचा बेडूक पाण्याच्या वर, पानाफांद्यांवर फेसाचं घरटं करतो. पिल्लं बाहेर पडली की टपाटप खाली पाण्यात!

तंगड्यांची निर्यात. एकेकाळी भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी ताटांत जायच्या. १९८७ मध्ये या निर्यातीवर बंदी आली. शेतातले किडे फस्त करणारा गडी त्यामुळे शेतातच राहिला.

ओरडतं कोण? बहुतेक सगळा गलका नरांचा. माद्या आवाज ऐकून जोडीदार पसंत करतात. पाऊस लांबला की बेडूक बांधून, धोंडी काढून वरुणराजाला साकडं घालायची रीत गावोगाव होती. बेडकाचं साकडं मात्र वरुणराजाला नसतंच, ते नवरीला असतं!