लांकडी सज्जा आणि कोंकणचा पाऊस

घर बांधणें जितकें हौसेचें, तितकेंच तें राखणें चिकाटीचें काम आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्ग या भागांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. अशा मुलखांत माडीपुढील सज्जा, त्याचा कठडा व जिन्याच्या पायऱ्या हीं उघड्यावरचीं लांकडी कामें कशीं टिकवावींत, हा प्रश्न घरच्या कर्त्या माणसास दरसाल पडतो. अलीकडे वडिलोपार्जित घरें दुरुस्त करून राखण्याची हौस वाढली आहे. ती सर्वथैव स्तुत्य आहे. परंतु तिच्याबरोबर एक गैरसमजही घरांत शिरला आहे. तो असा कीं, लांकडावर जितका जाड व चकाकता लेप, तितकें तें सुरक्षित. वस्तुस्थिति याच्या नेमकी उलट आहे. ओल्या मुलखांत पाण्यास कायमचें बाहेर ठेवणें अशक्यप्राय असतें. म्हणून शिरलेलें पाणी सत्वर बाहेर पडेल अशी सोय ठेवणें, हेंच लांकडाचें खरें रक्षण होय.

याचें कारण लांकडाच्या स्वभावांत आहे. झाड तोडून शेंकडों वर्षें लोटलीं तरी लांकूड हवेंतील ओलावा घेतें आणि सोडतें. ओलावा घेतांना तें आडवें फुगतें व वाळतांना आकसतें; लांबींत मात्र जवळजवळ फरक पडत नाहीं. वरचा जाड पापुद्रा या हालचालीबरोबर ताणला जात नाहीं. मग सांध्यापाशीं, खिळ्याच्या डोक्यापाशीं केंसाएवढी चीर पडते. त्या चिरेंतून पाणी आंत जातें. पण वरचा लेप शाबूत असल्यामुळें ऊन-वारा त्यास बाहेर काढूं शकत नाहीं. लांकडांतील पाण्याचें प्रमाण त्याच्या सुक्या वजनाच्या शेंकडा वीसांवर जाऊन तेथेंच राहिलें, कीं कुजविणाऱ्या बुरशीस पोषक स्थिति मिळते. वरून आरसा आणि आंतून भुसा, अशी त्या फळीची अवस्था होते.

आमच्या पंचक्रोशींतील एका घरीं असेंच झालें. मुंबईस असलेल्या भावांनीं मोठ्या उमेदीनें सज्जा चकाकता करून घेतला. कारागिरानें वैशाखअखेर, पहिला वळीव होऊन गेल्यावर, ओलसर फळ्यांवरच रोगणाचे तीन हात दिले. दुसऱ्या पावसाळ्यांत कडा काळवंडल्या. तिसऱ्यांत वाळवण उचलावयास गेलेल्या वहिनींचा पाय फळींतून गुडघ्यापर्यंत खालीं गेला. सुदैवानें दुखापत बेताची होती. परंतु लगेच घरांत विचार सुरू झाला, कीं हें लांकूडकाम काढून सिमेंटच घालावें. दोष सागाचा नव्हता. पण शिक्षा मात्र सागास होणार होती.

साग किती टिकतो याची साक्ष हवी असेल तर मुंबईच्या गोदींत १८१७ सालीं सागवानानें बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका पाहावी; ती आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर उभी आहे. मात्र ही चिवट शक्ति झाडाच्या गाभ्यांत असते. सालीलगतचें फिकट लांकूड सागाचें असलें तरी लवकर कुजतें व किडतें. फळ्या निवडतांनाच तें टाळावें.

पावसाइतकाच दुसरा शत्रु म्हणजे ऊन. सूर्याचे अतिनील किरण लांकडांतील तंतु बांधून ठेवणारें लिग्निन हें द्रव्य फोडतात व पाऊस तें धुऊन नेतो. म्हणून उघडी फळी करडी पडते. नुसतें पारदर्शक तेल हे किरण फारसे अडवीत नाहीं. रंगाचे कण अडवितात. तांबडा गेरू हा मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडचाच रंग आहे. तेव्हां तेलांत थोडा बारीक वस्त्रगाळ गेरू मिसळणें ही केवळ शोभा नसून छत्रीच आहे.

तेला-राळेचें हें ज्ञान आपल्याकडे नवें नाहीं. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत वज्रलेपाची कृति दिली आहे. तींत राळ, गुग्गुळ, बिब्बा व जवस हीं द्रव्यें येतात. बिब्ब्याच्याच कुळांतील काजू पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत आपल्या किनाऱ्यावर आला, आणि त्याच्या टरफलांचें दाहक तेल कोंकणी माणसानें होड्यांस व वाशांस लाविलें. तें अंगास पोळतें; म्हणून जेथें मुलें अनवाणी खेळतात, त्या सज्ज्यास तें लावूं नये.

आतां प्रत्यक्ष कृति. काळ पौष-माघाचा धरावा. तेव्हां लांकूड सर्वांत कोरडें असतें. शेवाळ व काळे डाग काथ्यानें रेषांच्या दिशेनें घासून फळ्या धुवाव्या आणि चांगल्या आठ-दहा दिवस वाळूं द्याव्या. जुना पापुद्रा असल्यास तो पूर्ण खरवडून काचकागद फिरवावा. मग फळीवर पाण्याचे थेंब टाकून पाहावें. ते थोड्याच वेळांत मुरले तर लांकूड तेल घेण्यास तयार आहे. मोत्यांप्रमाणें वर राहिले तर जुनें तेल अद्याप काम करीत आहे असें समजावें.

जवसाचें पक्कें तेल, ज्यास सुतार बेलतेल म्हणतात, तें पातळ हातानें लावावें. पंधरा-वीस मिनिटांनीं वर राहिलेलें तेल फडक्यानें टिपून घ्यावें, नाहींतर तें चिकट राहतें. दोन-तीन दिवसांनीं दुसरा हात द्यावा. नुसत्या जवसाच्या तेलावर बुरशी धरते. यास्तव बाजारांतील बुरशीनाशक घातलेलें, लांकडांत मुरणारें तयार रंगीत तेल मिळाल्यास तें अधिक बरें. फळ्यांचीं करवतीनें कापलेलीं टोकें पृष्ठभागापेक्षां कितीतरी पट अधिक पाणी पितात. त्यांस तिसरा-चौथा हातही द्यावा. दोन फळ्यांत पाव इंच फट असावी व तींत पालापाचोळा सांचूं देऊं नये. कुंड्या थेट फळीवर न ठेवतां खालीं तिवई घालावी.

एक सावधगिरी घरांतील सर्वांनीं लक्षांत ठेवावी. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन वाळतें व त्या वेळीं उष्णता निघते. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यांत टाकल्यास त्या आपोआप पेट घेऊं शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्या, किंवा पाण्यानें भरलेल्या डब्यांत बुडवून ठेवाव्या.

वरील घरीं अखेर सिमेंट घातलें नाहीं. कुजलेल्या चार फळ्या बदलल्या, बाकीच्या खरवडून त्यांस गेरूचें तेल दिलें, आणि दर पौषांत थेंबांची परीक्षा घेण्याचें काम धाकट्या नातवाकडे सोंपविलें आहे. सज्जा आतां चकाकत नाहीं; वाळवण मात्र निर्धास्तपणें घालतां येतें.