दुसऱ्यांची गाणी वाजवून क्लब भरवणारे लोक स्वतःचं हाऊस म्युझिक का काढतात?

पुण्याहून नगर रोडने कोरेगाव भीमाकडे निघालात की वाघोलीत उजव्या हाताला केसनंदचा रस्ता लागतो. २०१६ च्या डिसेंबरमध्ये याच केसनंदला सनबर्न झालं होतं. गोव्यात २००७ साली सुरू झालेला हा फेस्टिवल त्या वर्षी पुण्यात आला आणि नगर रोडवर ट्रॅफिकची पार वाट लागली.

असे कार्यक्रम भरवणाऱ्याला प्रमोटर म्हणतात. जागा ठरवायची, डीजे बुक करायचा, परवानग्या काढायच्या, तिकिटं विकायची आणि तोटा झाला तर तो सोसायचा, हे सगळं प्रमोटरचं काम. सनबर्नच्या सुरुवातीच्या शिलेदारांपैकी एक असलेला निखिल चिनापा हे त्यातलं आपल्याकडचं ओळखीचं नाव. एमटीव्हीवर व्हीजे असलेल्या निखिलने २००३ साली मुंबईत सबमर्ज नावाने क्लब नाइट्स सुरू केल्या आणि अनेकांना डान्स म्युझिकची पहिली ओळख तिथेच झाली.

पण वर्षानुवर्षं दुसऱ्यांची गाणी वाजवून लोकांना नाचवणाऱ्याला एक दिवस स्वतःचं गाणं काढावंसं का वाटतं? हौस तर असतेच. पण खरा मुद्दा मालकीचा आहे.

आधी हिशोब बघू

समजा एका प्रमोटरने ५०० रुपयांची ५०० तिकिटं विकली. अडीच लाख आले. त्यातून जागेचं भाडं, साउंड, लाइट, डीजेचं मानधन, जाहिरात, सिक्युरिटी आणि कर गेले. उरलं ते त्याचं. काहीच उरलं नाही तर तेही त्याचंच. पुढच्या शनिवारी पुन्हा शून्यापासून सुरुवात. ती रात्र परत विकता येत नाही.

गाण्याचं गणित वेगळं असतं. भारताच्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे आज काढलेल्या ट्रॅकचे हक्क तुमच्या वारसांपर्यंतही जाऊ शकतात. रात्र संपते, पण गाणं नोंदलेलं असेल तर ते कमवत राहू शकतं.

हाऊस म्हणजे नक्की काय?

मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके आणि चारही मात्रांवर सारख्या अंतराने पडणारा किक ड्रम, हा हाऊसचा कणा. त्यावर बेस, टाळ्यांचा आवाज आणि पुन्हापुन्हा येणारी एखादी ओळ. गाणं दोन मिनिटांत संपवायची घाई नसते. एक ट्रॅक दुसऱ्यात बेमालूम मिसळता यावा, अशीच त्याची बांधणी असते.

हे नाव शिकागोतून आलं. तिथे रॉबर्ट विल्यम्स नावाच्या प्रमोटरने १९७७ साली द वेअरहाऊस हा क्लब उघडला आणि न्यूयॉर्कहून फ्रँकी नकल्स या डीजेला बोलावून घेतलं. तिथे येणारे बहुतेक कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी तरुण होते. इतर ठिकाणी त्यांना फारसा थारा नसायचा. वेअरहाऊसमध्ये वाजतं ते म्युझिक लोक दुकानात जाऊन मागायला लागले आणि बोलता बोलता ते फक्त 'हाऊस' झालं.

गंमत बघा, अख्ख्या संगीतप्रकाराला नाव एका प्रमोटरच्या क्लबचं मिळालं. पण नावाची रॉयल्टी मिळत नसते.

चोरीला गेलेली रेकॉर्ड आणि पहिलं हाऊस गाणं

त्याच शिकागोत द प्लेग्राऊंड या क्लबमध्ये जेसी सॉन्डर्स डीजे होता. त्याची हुकमी म्हणावी अशी एक रेकॉर्ड होती. ती चोरीला गेली. मग पठ्ठ्याने ड्रम मशीन आणि सिंथेसायझर घेऊन व्हिन्स लॉरेन्सच्या साथीने त्याच धाटणीचा नवा ट्रॅक बनवला. १९८४ साली 'ऑन अँड ऑन' ही रेकॉर्ड त्याने जेस से या स्वतःच्या लेबलवर काढली. ती पहिली हाऊस रेकॉर्ड मानली जाते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सॉन्डर्स काही नावाजलेला संगीतकार नव्हता. पण कोणत्या क्षणी लोक हात वर करतात आणि कुठे पाणी प्यायला बाजूला जातात, हे त्याने रोज समोर बघितलं होतं. क्लब चालवणाऱ्यांचं खरं भांडवल हेच असतं.

ही रेकॉर्ड ऐकून शिकागोतल्या कितीतरी पोरांना वाटलं, अरे, हे तर आपल्यालाही जमेल. त्यातून अख्खी लाट उभी राहिली.

पण मालकी सुटली की काय होतं?

त्या लाटेतलं सगळ्यात गाजलेलं लेबल म्हणजे ट्रॅक्स रेकॉर्ड्स. रेकॉर्ड छापण्याचा कारखाना असलेले लॅरी शर्मन ते चालवायचे. पोरं टेप घेऊन जायची, कागदावर सही करायची आणि गाणं बाजारात यायचं. पुढे ती गाणी जगभर वाजली, पण रॉयल्टी मिळाली नाही अशी तक्रार अनेक कलाकार वर्षानुवर्षं करत राहिले.

'कॅन यू फील इट' हा हाऊसमधला अजरामर ट्रॅक बनवणारे लॅरी हर्ड आणि गायक रॉबर्ट ओवेन्स यांनी २०२० साली ट्रॅक्सवर खटला भरला. २०२२ मध्ये तडजोड झाली आणि त्यांच्या गाण्यांचे हक्क त्यांना परत मिळाले. गाणी होती १९८० च्या दशकातली. मधली तीन दशकं कुणी परत देणार नाही.

याच्या उलट उदाहरण लंडनचं. मिनिस्ट्री ऑफ साउंड हा क्लब १९९१ साली उघडला आणि दोनच वर्षांत त्यांनी स्वतःचं लेबल काढलं. क्लबच्या नावावर रेकॉर्ड विकल्या गेल्या आणि २०१६ मध्ये ते लेबल सोनी म्युझिकने विकत घेतलं. क्लबची जागा एकच असते, रेकॉर्ड मात्र जगभर विकता येते.

आपल्याकडे काय झालं?

मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक होते. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवायचे, स्वतःचा वाद्यवृंद घेऊन लग्नसमारंभही करायचे. १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीची टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं वापरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि अल्बम काढला. तो फारसा चालला नाही.

पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या ग्रुपचा 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आला. टीबी-३०३ च्या त्याच चिरक्या, वळवळत्या आवाजामुळे 'अ‍ॅसिड हाऊस' हा नवा प्रकार जन्माला आला. २०१० मध्ये चरणजित सिंगांचा अल्बम पुन्हा निघाला, तेव्हा जग चक्रावलं. मुंबईतल्या माणसाने हे पाच वर्षं आधीच केलं होतं! उतारवयात त्यांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ साली ते गेले. बाजाराला उशिरा कळलं, पण रेकॉर्ड निघाली होती म्हणूनच कळलं.

आणि आताचं उदाहरण तर तुमच्या रील्समध्ये येऊन गेलंय. क्रेटेक्स, म्हणजे कृणाल घोरपडे. त्याने मराठी शब्द आणि हाऊसचा ठेका एकत्र आणून त्याला 'एम-हाऊस' नाव दिलं. २०२४ मध्ये श्रेयस सागवेकरसोबतचं 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सवर आलं. याच लेबलने मार्टिन गॅरिक्सचं 'अ‍ॅनिमल्स' काढलं होतं. मराठीत हाऊस चालेल का, हा प्रश्न एका ट्रॅकने निकालात काढला.

मग वरातीतल्या डीजेने काय शिकायचं?

शिरूर-दौंड पट्ट्यात लग्नसराईत साउंड लावणारी पोरं काही कमी नाहीत. त्यांचा हिशोब क्लबवाल्यासारखाच असतो. बेस, टॉप, जनरेटर, गाडी असा सगळा खर्च त्यांचा आणि गाणी मात्र दुसऱ्यांची.

कायद्यात वरात आणि लग्नाच्या समारंभात गाणी वाजवायला सूट आहे, त्यासाठी परवाना लागत नाही. पण ती सूट वाजवण्यापुरती. तेच गाणं रिमिक्स करून यूट्यूबवर टाकलं तर मूळ मालक कॉपीराइटचा दावा करू शकतो. मग व्ह्यूज तुमचे आणि पैसे त्याचे.

स्वतःचा ट्रॅक काढणं आता अवघड राहिलेलं नाही. लॅपटॉपवर बनवलेलं गाणं डिस्ट्रोकिड किंवा ट्यूनकोरसारख्या कंपन्यांमार्फत सगळ्या अ‍ॅप्सवर जातं. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड मिळतो, तो म्हणजे गाण्याचं आधार कार्ड समजा. गीतकार-संगीतकार आयपीआरएस या संस्थेचे सभासद झाले तर त्यांची रॉयल्टी ती संस्था गोळा करते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही.

पण एका गाण्यावर घर चालेल या भ्रमात राहू नका. स्पॉटिफायवर १२ महिन्यांत किमान १००० वेळा ऐकलं न गेलेल्या ट्रॅकला २०२४ पासून रॉयल्टीच मिळत नाही. त्यामुळे बहुतेकांसाठी पहिला फायदा वेगळाच असतो. 'डीजे पाहिजे' म्हणून येणारा फोन 'ते गाणं ज्याचं आहे तो पाहिजे' असा यायला लागतो आणि सुपारीचा आकडा बदलतो.

म्हणून ट्रॅक बनवलाच, तर सोबत्यांमध्ये कुणाचा किती वाटा हे रिलीजच्या आधी कागदावर लिहून घ्या. आणि कुठल्याही लेबलचा कागद समोर आला, तर मास्टर रेकॉर्डिंगची मालकी कुणाकडे आणि किती वर्षं, ही ओळ आधी शोधा. लॅरी हर्डला ती परत मिळवायला तीस वर्षांहून जास्त काळ लागला.