लाउंजमधल्या इडलीचे पैसे कोण भरतं?

ड्रीमफोक्स या कंपनीने १६ सप्टेंबर २०२५ रोजी देशांतर्गत विमानतळांवरची आपली लाउंज सेवा बंद केली. ही बातमी वाचून अनेकांनी पाकिटातलं कार्ड काढून उलटसुलट पाहिलं असणार. त्यांच्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकतो. तुमचं कार्ड बहुधा चालेल, कारण मोठ्या बँकांनी आपली सोय आधीच दुसरीकडे लावलेली आहे. मात्र ते चालण्यासाठी आता अटी आहेत, आणि त्यातली मुख्य अट तिमाहीच्या शेवटच्या तारखेशी बांधलेली आहे. विमानाची तिकिटं काढून झाली असतील तर हे वाचून ठेवलेलं बरं.

मुंबईच्या टर्मिनल दोनवर पहाटेची विमानं सुटण्याच्या वेळेला लाउंजच्या दारात जाऊन पाहा. दिल्ली-बंगळुरूला निघालेले लॅपटॉपवाले, गोव्याला निघालेली पाच जणांची कुटुंबं, मुलाकडे निघालेले आजी-आजोबा, सगळे एकाच रांगेत. काउंटरवरची मुलगी मशिनमध्ये कार्ड घालते, थांबते, आणि अतिशय नम्रपणे म्हणते, ‘‘सर, हे नाही घेत आहे. दुसरं आहे का?’’ मग सर खिशातून पत्त्यांच्या पानांसारखी कार्डं पसरतात. मागचे उसासे टाकतात. एखादं कार्ड चालतं, मोबाइलवर दोन रुपये कापल्याचा संदेश येतो, आणि आत वाफाळती इडली, पोहे, उपमा, कॉफी, वर बसायला सोफा. दोन रुपयांत एवढं सगळं मिळत असेल तर रांग लागणारच. एके काळी बड्या साहेबांसाठी असलेल्या खोलीत आज बाहेरच्या प्रतीक्षा कक्षाहून जास्त गर्दी असते, हा विनोद विमानतळावर रोज घडतो.

ते दोन रुपये म्हणजे लाउंजचं शुल्क नव्हे. कार्ड जिवंत आहे की नाही, एवढंच त्यातून तपासलं जातं. कार्डावरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून बँक कोणती, कार्ड कोणत्या प्रकारचं, हे मशिनला कळतं. या कार्डधारकाला या तिमाहीत प्रवेश शिल्लक आहे का, हे मागच्या यंत्रणेला विचारलं जातं. होकार आला की दार उघडतं. खरं बिल नंतर बँकेकडे किंवा कार्ड नेटवर्ककडे जातं, आणि ते माणशी हजार रुपयांच्या आसपास असतं. हा मधला निरोप्या, हिशेबनीस आणि वसुली कारकून म्हणजे सप्टेंबर २०२५ पर्यंत ड्रीमफोक्स.

या कंपनीची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. लिबराथा कल्लाट या पहिल्या पिढीच्या उद्योजिकेने ती उभी केली. त्यांना एक साधी गोष्ट दिसली होती. देशात लाउंज चालवणारे अनेक, कार्ड देणाऱ्या बँकाही अनेक, आणि प्रत्येक बँकेने प्रत्येक लाउंजशी वेगळा करार करणं ही डोकेदुखी. ती डोकेदुखी कल्लाट यांनी विकत घेतली. कंपनी २०२२ मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा भारतात दिलेल्या कार्डांवर देशांतर्गत लाउंजमध्ये जे प्रवेश होत, त्यातले ९५ टक्क्यांहून अधिक आपल्यामार्फत होतात, असा तिचा दावा होता. ३२६ रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी पाचशेच्या वर उघडला. २०२४-२५ पर्यंत उलाढाल १,३०० कोटींच्या घरात पोहोचली.

आणि तरीही ती मूळची अडत्याच होती. बाजार समितीतल्या अडत्याचं ना शेत असतं, ना किराणा दुकान. शेतकरी आणि दुकानदार एकमेकांच्या ओळखीचे होईपर्यंत त्याचं चालतं. इथे शेतकरी म्हणजे लाउंजवाले, आणि ते हळूहळू मोठे होत गेले. मुंबई विमानतळ २०२१ मध्ये अदानी समूहाकडे आला, आणि त्याच समूहाच्या अदानी डिजिटलने लाउंजची थेट व्यवस्था सुरू केली. दिल्ली, हैदराबाद आणि गोव्यातल्या मोपा विमानतळांवर एन्काम ही कंपनी लाउंज चालवते. ट्रॅव्हल फूड सर्व्हिसेस ही आणखी एक मोठी कंपनी जुलै २०२५ मध्ये शेअर बाजारात आली. एवढी ताकद आल्यावर बँकांशी बोलायला मध्ये कोणी कशाला हवं? २२ सप्टेंबर २०२४ रोजी अनेक विमानतळांवर ड्रीमफोक्सची सेवा अचानक कोलमडली, तेव्हाच हे भांडण प्रवाशांच्या डोळ्यांसमोर आलं. १ जुलै २०२५ पासून ॲक्सिस आणि आयसीआयसीआय बँकांचे काही कार्यक्रम तिच्या हातून गेले. १६ सप्टेंबरला उरलंसुरलं आटोपलं. परदेशातल्या लाउंजची आणि इतर सेवांची कामं चालू राहतील, असं कंपनीने तेव्हा सांगितलं.

मध्यस्थ गेला, आता स्वस्ताई येईल, असा भाबडा हिशेब करू नये. ज्याच्या ताब्यात विमानतळ, त्याच्याच ताब्यात लाउंजचं दार आणि त्या दारावरचं मशिनही, अशी रचना आता मुंबईत आहे. नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झाला आहे. त्यातही ७४ टक्के अदानी आणि २६ टक्के सिडको असाच वाटा आहे. दर ठरवताना बँकेसमोर बसणारा माणूस आता अडत्यापेक्षा कितीतरी जड असणार.

आपल्याकडे लाउंज कार्डाला का चिकटलं, हेही जरा पाहू. जगात ही खोली विमान कंपन्यांनी सुरू केली. अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर आपल्या खास पाहुण्यांसाठी पहिला क्लब उघडला. पुढे बिझनेस क्लासचं तिकीट म्हणजे लाउंज, असं समीकरण बसलं. भारतात मात्र जवळपास दोन तृतीयांश देशांतर्गत प्रवासी एकट्या इंडिगोने उडतात, आणि इंडिगो स्वतःची लाउंजं चालवण्याच्या भानगडीत पडलेली नाही. ती मोकळी जागा बँकांनी बरोबर हेरली. नवं कार्ड गळ्यात मारायला ‘वर्षाला आठ लाउंज भेटी मोफत’ यासारखं आमिष नाही. वर्षातून दोनदा उडणाऱ्यालाही आपण कोणीतरी आहोत असं वाटतं, आणि तो त्या दोन भेटींसाठी कार्ड वर्षभर सांभाळतो.

पण माणसं दोन भेटींवर थांबली नाहीत. २०२४ मध्ये देशांतर्गत प्रवाशांची संख्या १६ कोटींवर गेली. क्रेडिट कार्डं आता ११ कोटींवर आहेत. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण कर्जांवरचं जोखीमभारांकन वाढवलं आणि त्यात क्रेडिट कार्डंही आली. म्हणजे हा धंदा बँकांना महाग पडू लागला. त्यानंतरच्या तारखा पाहा. डिसेंबर २०२३ पासून एचडीएफसी बँकेच्या रेगालिया कार्डावर तिमाहीत एक लाख रुपये खर्चल्यावर दोन भेटी. एप्रिल २०२४ पासून आयसीआयसीआयच्या अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५ हजारांची अट, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती थेट ७५ हजार. मे २०२४ पासून ॲक्सिसच्या काही कार्डांवर आधीच्या तीन महिन्यांत ५० हजार.

हे ७५ हजार कुठून आले असावेत? माझा हिशेब असा. तुम्ही दुकानात क्रेडिट कार्ड घासता तेव्हा दुकानदाराच्या रकमेतून साधारण दीड-दोन टक्के कापले जातात आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. ७५ हजारांवर दीड टक्का म्हणजे सव्वाअकराशे रुपये. एका लाउंज भेटीचं बिल हजाराच्या आसपास. आकडे फार प्रेमाने एकमेकांना भेटतात. थोडक्यात, बँक म्हणते की तुझ्या इडलीचे पैसे आधी तू मला कमावून दे, मग खा.

युपीआयवर हे होत नाही, कारण बँक खात्यातून केलेल्या युपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून काहीच कापलं जात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये युपीआयवर महिन्याभरात २,००० कोटी व्यवहार झाले, आणि बँकांच्या दृष्टीने त्यातला बहुतेक भाग कोरडा. तेव्हा भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड दाखवणारा माणूस लाउंजच्या दारात अडतो, यात नवल काही नाही.

आता मुख्य मुद्दा. ज्याला ‘मोफत’ म्हणतात त्याचे पैसे कोण भरतं? दुकानदार भरतो, पण तो ते मालाच्या किमतीत आधीच धरतो, त्यामुळे रोखीने घेणारा गिऱ्हाईकही त्यात आपली चिमूट टाकतो. त्याहून मोठा वाटा उचलतो तो कार्डाचं पूर्ण बिल न भरता ‘किमान रक्कम’ भरून महिना ढकलणारा. त्याला महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहून जास्त, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या पुढे व्याज लागतं. दवाखान्याचं बिल किंवा मुलाची फी कार्डावर काढून अडकलेला हा माणूस विमानात क्वचितच बसतो. वेळेवर बिल भरून, गुण जमवून, त्रैमासिक अटी पाळून लाउंजमध्ये शिरणारा हुशार मध्यमवर्गीय त्याच्या व्याजावर कॉफी पितो. फुकट ते पौष्टिक म्हणायला ठीक आहे, पण हे ताट कोणीतरी वाढलेलं आहे.

म्हणून मला बँकांच्या नव्या अटींबद्दल फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या अटी सांगण्याच्या पद्धतीबद्दल. जाहिरातीत भेटींचा आकडा ठळक, आणि खर्चाची अट तळाशी मुंगीच्या पावलांइतक्या अक्षरांत. घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, पेट्रोल यांसारखे खर्च बऱ्याच कार्डांवर या हिशेबात धरत नाहीत, हे लोकांना दारातच कळतं. आणि तिमाही म्हणजे तुमचे सोयीचे तीन महिने नव्हेत. दिवाळीतल्या प्रवासासाठी बऱ्याच कार्डांवर जुलै ते सप्टेंबरचा खर्च पाहिला जातो. बँकेच्या ॲपमध्ये आजच आकडा पाहून ठेवा. पाच-दहा हजार कमी पडत असतील आणि तेवढा खर्च करायचाच असेल, तर तो तिमाही संपण्याच्या आत करा. लाउंजसाठी नवा खर्च काढू नका. हजाराच्या नाश्त्यासाठी वीस हजारांचा मिक्सर-मोबाइल घेणारे लोक असतात, आणि बँकेचं गणित त्यांच्याच भरवशावर चालतं.

बाकी काळजी किरकोळ आहे. कार्ड हातात हवं, मोबाइलमधला फोटो चालत नाही. कार्डावरचं नाव आणि बोर्डिंग पासवरचं नाव एकच हवं. सोबतच्या माणसाचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे. प्रायोरिटी पास (अनेक देशांतल्या लाउंजसाठीचं सदस्यत्व) हातात असला तरी भारतातल्या लाउंजमध्ये तो वापरल्यास अनेक बँका बिल लावतात, तो परदेशासाठी राखून ठेवावा.

एक गोष्ट मात्र बँकांना नव्हे, नागरी विमान वाहतूक खात्याला सांगायची आहे. लाउंजच्या दारात एवढी रांग लागते याचं मोठं कारण बाहेरचा चहा आणि बाहेरचा वडा आहे. सुरक्षा तपासणी ओलांडली की साध्या खाण्याचे भाव असे चढतात की साठ रुपयांच्या नाश्त्यावर वाढलेला माणूस निमूट कार्ड शोधू लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झालं. तिथे चहा दहा रुपये, पाण्याची बाटली दहा, समोसा वीस. पुढे चेन्नईत आणि आपल्या पुण्यातही ते आलं. ही टर्मिनलं सरकारी विमानतळ प्राधिकरण चालवतं. पण खासगी विमानतळांशीही सरकारचे करार आहेत, त्यांच्या शुल्कावर सरकारी नियामक आहे. असं एक स्वस्त उपाहारगृह प्रत्येक टर्मिनलमध्ये, सुरक्षा तपासणीच्या आतल्या बाजूला, सक्तीचं करा. सुरुवात मुंबई आणि नवी मुंबईपासून करा.