किल्लीविना नाण्याचा टेलिफोन

एक रुपयाचे नाणे टाकून बोलण्याचा टेलिफोन आता आपल्या भागातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. किराणा दुकानाच्या फळीवर, पानाच्या टपरीला, एस. टी. स्थानकाच्या खांबाला जी लाल-पिवळी पेटी टांगलेली असे, ती आज भेटलीच तर भंगाराच्या दुकानात भेटते आणि बहुधा किल्लीविना भेटते. अशी एक पेटी मी या वर्षी अहिल्यानगरातून साडेचारशे रुपयांना घेतली. ‘कमवा व शिका’ योजनेतल्या पैशांतली ही रक्कम असल्यामुळे घेण्यापूर्वी पुष्कळ चौकशी केली. ती इतरांनाही उपयोगी पडावी म्हणून हा लेख.

प्रथम थोडा इतिहास. नाणे टाकून बोलण्याचा टेलिफोन अमेरिकेत हार्टफर्ड येथे विल्यम ग्रे याने १८८९ साली बसवला. आपल्याकडे मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले ते १८८२ साली. पण खेड्यापाड्यातल्या माणसाच्या हाती टेलिफोन आला तो फार उशिरा. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, सॅम पित्रोदा यांचे नाव घरोघर झाले आणि पुढच्या काही वर्षांत एस. टी. डी.-पी. सी. ओ.च्या पिवळ्या पाट्या गावोगाव लागल्या. तेथे मीटर असे, बिल असे आणि पैसे घेणारा माणूस असे. अशी केंद्रे देताना अपंगांना प्राधान्य असल्याने अनेकांचे संसार त्यावर उभे राहिले.

नाण्याच्या पेटीत हा पैसे घेणारा माणूसच नाही. त्याचे काम यंत्र करते, आणि यंत्राने गोळा केलेला पैसा कुलपात राहतो. म्हणून या पेटीत किल्लीला एवढे महत्त्व! पुष्कळ पेट्यांना दोन कुलपे असतात. एकाने वरचे झाकण उघडते. आत तारा, डायल आणि नाणे तपासणारा भाग असतो. दुसऱ्याने फक्त गल्ला उघडतो. दुरुस्ती करणाऱ्याने गल्ल्याला हात लावू नये आणि गल्ला मोजणाऱ्याने तारांना, असा त्यातला हेतू. गिऱ्हाईक, दुकानदार, कंपनी आणि कारागीर यांचा एकमेकांवरचा विश्वास (किंवा अविश्वास म्हणा) त्या दोन किल्ल्यांत साठवलेला होता.

नाण्याची परीक्षा कशी होते? खाच ठरावीक रुंदीची असते, त्यामुळे मोठे नाणे शिरत नाही. लहान किंवा हलके नाणे आतल्या उतारावरून घसरून परतीच्या वाटीत पडते. १९९२ पासूनचा पोलादी रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा आणि ४.८५ ग्रॅम वजनाचा होता. २०११ च्या मालिकेतला रुपया २२ मिलिमीटर व ३.७९ ग्रॅमचा आहे. म्हणजे जुन्या मापावर बेतलेल्या पेटीला आजचा रुपया खोटाच वाटणार.

पलीकडच्याने फोन उचलला हे पेटीला समजते तेही गमतीदार आहे. उत्तर मिळताच एक्स्चेंज तारेतल्या विजेची दिशा उलटवते. ती खूण मिळाली की पेटी नाणे मागते. अशा पुष्कळ पेट्यांत नाणे पडेपर्यंत आपल्याला पलीकडचा आवाज ऐकू येई, पण आपला आवाज त्याला जात नसे. माझे वडील लोणी-कोल्हारच्या पट्ट्यात ऊसतोडीला असताना अशाच पेटीवरून गावातल्या दुकानात फोन करीत. दुकानदार आजीला बोलवायला पोरगा धाडी, आणि ती येईपर्यंत पहिला रुपया संपून जाई. म्हणून सांगायचे ते आधी मनाशी जुळवून ठेवावे लागे, असे ते सांगतात. दिशा उलटण्याची सोय साध्या घरगुती जोडणीला असेलच असे नाही. तेव्हा घरी आणलेली पेटी पूर्वीसारखी नाणे मागेल, अशी खात्री धरू नये.

आता किल्लीचा प्रश्न. दुकानदार म्हणाला, “छिन्नी लावा, दोन मिनिटांत उघडेल.” ते खरे आहे, पण मग झाकण वाकते, कुलूप जाते आणि हाती केवळ पत्रा उरतो. त्यापेक्षा रस्त्याकडेला बसणारा किल्लीवाला बरा. तो कोरी किल्ली कुलपात घालून दाबून फिरवतो, तिच्यावर उमटलेल्या बारीक खुणा पाहतो, तेवढेच कानशीने घासतो, आणि पुन्हा घालून पाहतो. कुलपाच्या तोंडावर क्रमांक कोरलेला असेल तर तो आधी टिपून घ्यावा. काही कुलपांची किल्ली त्यावरून करता येते. माझ्या पेटीच्या दोन्ही किल्ल्यांना मिळून अडीचशे रुपये आणि एक दुपार लागली.

गल्ल्यात सात रुपये निघाले. ते कोणाचे? बोलणाऱ्यांनी ते देऊन टाकले होते, कंपनीने पेटी सोडली होती, दुकानदाराने ती वजनावर विकली होती. मी ते भंगारवाल्याकडे परत नेले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “वजनात आले ते तुमचे.” हिशेब बरोबर असेलही, पण मी ती नाणी खर्चली नाहीत.

अशी पेटी घेऊ इच्छिणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मालकी: पुष्कळ पेट्या कंपनीच्या असत, म्हणून विकणाऱ्याकडून पावती घ्यावी. दुसरी, कुलपे शाबूत आहेत की कोणी आधीच ठोकाठोक केली आहे. तिसरी, आतला नाणे तपासणारा भाग जागेवर आहे का. हलवून पाहिले तरी अंदाज येतो. किल्ली नसणे हा त्या मानाने लहान दोष आहे. किल्ली पुन्हा घडवता येते. छिन्नीने फोडलेली पेटी मात्र पुन्हा पेटी होत नाही.